चिनी क्रियापद 'ता' : आपलं 'मारणे' कुठे कामी येतं आणि कुठे फसवतं

दुभाषी

मँडरिन शिकायला घेतलं की पहिल्या-दुसऱ्या पाठातच 'ता' हे क्रियापद समोर येतं, आणि मग ते संपतच नाही. शब्दकोशात पहिला अर्थ 'मारणे, ठोकणे'. पण चिनी माणूस जे जे 'ता' करतो त्यात फोन आहे, बास्केटबॉल आहे, छत्री आहे, स्वेटर आहे, इंजेक्शन आहे, टॅक्सी आहे, शिंक आहे आणि कोर्टातला दावाही आहे.

मराठी माणसाला हे विचित्र वाटायचं कारण नाही. आपणही फोन मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, गाठ मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो आणि कुणाचे पैसेही मारतो. एका क्रियापदाने इतकी कामं करावीत ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अडचण पुढे येते. वरच्या यादीतली फोन आणि गाठ चिनीत 'ता' बरोबर चालतात. मिठी, चक्कर, गप्पा आणि पैसे चालत नाहीत. त्यांना वेगळी क्रियापदं आहेत. म्हणून 'मारणे' डोक्यात ठेवून वाक्य रचलं की अर्धी वाक्यं बरोबर येतात, अर्धी साफ चुकतात, आणि कुठली अर्धी हे आधी कळत नाही.

या धाग्यात आपण 'ता'चे उपयोग नीट लावून घेऊ. लिहिताना सूर अंकाने दाखवू: १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ खालचा, ४ झपकन उतरणारा. अंक नसेल तर तो अवयव (शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) हलका, बिनसुराचा. आपलं क्रियापद तिसऱ्या सुरातलं, म्हणजे ता३.

माझं म्हणणं पहिल्यांदाच मांडतो. ता३ चा अर्थ पाठ करू नका. अर्थ पुढचं नाम ठरवतं. ता३ स्वतः जवळजवळ रिकामं आहे. 'त्या वस्तूबाबत नेहमी जी कृती केली जाते ती' एवढंच ते सांगतं. शिकायचं ते जोडीने.

तळटीप

उच्चारापासून सुरुवात करायला हवी, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. पिनयिन या रोमन लिपीत हा अवयव 'डी' अक्षराने लिहितात, म्हणून आपल्याकडे तो 'दा' किंवा 'डा' वाचला जातो. प्रत्यक्षात तो द-ड सारखा घोष (कंठ कंपवून म्हटलेला) नाही. तो आपला 'त' आहे, श्वास न सोडता म्हटलेला. पिनयिनमधलं 'टी' म्हणजे 'थ'. त्यामुळे 'तो' या अर्थाचं सर्वनाम था१ आणि आपलं क्रियापद ता३ यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. इंग्रजी भाषकाला त-थ हा भेद मुद्दाम कमवावा लागतो, आपल्याला तो घरचाच आहे. तसंच प-फ (ओठ पूर्ण मिटून म्हटलेला फ), क-ख. पिनयिनच्या 'झेड'साठी चमच्यातला च वापरा, तो हुबेहूब जमतो. मी तो च़ असा लिहीन, आणि त्याचाच महाप्राण छ़ असा.

आता सूर. तिसरा सूर पुस्तकात 'खाली जाऊन वर येणारा' असा काढतात. तसा तो फक्त शब्द एकटा असताना किंवा वाक्याच्या शेवटी ऐकू येतो. पुढे १, २ किंवा ४ असेल तर ता३ नुसता खाली राहतो, वर येतच नाही: ता३ चन१ (इंजेक्शन), ता३ छ्यौ२ (चेंडूचा खेळ), ता३ त्येन४ह्वा४ (फोन). पुढेही तिसराच सूर आला तर पहिला दुसऱ्या सुरात जातो. ता३ ष्वै३ (पाणी भरून आणणे) लिहायचं, पण म्हणायचं ता२ ष्वै३. ता३ सान३ (छत्री धरणे), ता३ कू३ (ढोल वाजवणे), ता३ चिंग३ (विहीर खोदणे) यांचंही तेच. सगळीकडे पूर्ण तिसरा सूर ओढत बसलात तर बोलणं तुटक होतं आणि समोरचा प्रत्येक शब्दानंतर थांबतो.

चिन्हाबद्दल थोडं. एकूण पाच रेघा. डावीकडे 'हात' दाखवणारा भाग तीन रेघांचा: आडवी, आकडा असलेली उभी, आणि खालून वर उजवीकडे जाणारी तिरकी. उजवीकडे तिंग१ हा दोन रेघांचा भाग: आडवी, मग आकडा असलेली उभी. नवशिके तिसरी रेघ वरून खाली ओढतात. छापील अक्षरात ते लपून जातं, पण मोबाइलवर बोटाने लिहिलं की काही वेळा भलतंच चिन्ह समोर येतं.

खारवी

दुभाषी, तुमच्या 'अर्धी जुळतात' या मुद्द्याला भर घालतो. जिथे मराठी 'मारणे' आणि चिनी ता३ तंतोतंत बसतात अशा जोड्या आधी लक्षात ठेवाव्यात, कारण त्या फुकट मिळतात.

शेतातलं औषध मारणे: ता३ नुंग२याव४. बोअर मारणे: ता३ चिंग३, साध्या विहिरीलाही हेच. सायकलमध्ये हवा मारणे: ता३ छी४ (आणि लाक्षणिक अर्थाने एखाद्याला हुरूप देणे, इथे मात्र आपली 'हवा' वेगळीकडे जाते). गाठ मारणे: ता३ च्ये२. प्रिंट मारणे: ता३यिन४. फरशीला किंवा गाडीला मेणाचं पॉलिश मारणे: ता३ ला४. फोन मारणे तर आहेच.

'मारणे' नाही पण त्याच घरातली क्रियापदं जुळतात अशाही आहेत. आपण पत्ते कुटतो, ते ता३ फाय२ करतात. अंडं फोडून फेटणे ते ता३ ची१तान४. लोहार लोखंड ठोकतो ते ता३ थ्ये३, आणि त्यावरची म्हण 'लोखंड गरम आहे तोवर ठोका' आपल्या 'तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्या' च्या जागी बसते.

न जुळणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त चुकतात त्या या: हाक मारणे (च्याव४ किंवा हान३), उडी मारणे (थ्याव४), सही मारणे (छ्येन१ च़४), शिक्का मारणे (काय४ चांग१), गप्पा मारणे (ल्याव२ थ्येन१). यांत ता३ घालू नका.

चष्मा

सेलच्या पाट्यांवर आकडा आणि च२ हे चिन्ह असतं, 'ता३ पा१ च२' वगैरे. पा१ म्हणजे आठ. मग आठ टक्के सूट का? ऑनलाइन खरेदी करताना दरवेळी गोंधळ होतो.

दुभाषी

चष्मा, हा आकडा सुटीचा नाही, द्यायच्या रकमेचा आहे. च२ म्हणजे दहातला एक हिस्सा धरा. ता३ पा१ च२ म्हणजे किमतीचे दहापैकी आठ हिस्से द्या, म्हणजे २० टक्के सूट. २०० युआनची वस्तू १६० ला. दोन आकडे असतील तर ते शंभरातले: ता३ छी१ वू३ च२ म्हणजे ७५ टक्के द्या, ३०० युआनचा कोट २२५ ला. ता३ च्यौ३ वू३ च२ म्हणजे जेमतेम ५ टक्के सूट. ता३ त्वै४च२ म्हणजे निम्मी किंमत.

थोडक्यात आकडा लहान तितकी सूट मोठी, आपल्या पाट्यांच्या अगदी उलट. 'ता३ सान१ च२' पाहून तीस टक्के सूट धरणाऱ्याला प्रत्यक्षात सत्तर टक्के मिळतात, म्हणजे तो सुखावतो; पण 'ता३ च्यौ३ च२' पाहून नव्वद टक्के धरणारा गल्ल्यावर अडकतो. भाव करताना विचारायचं वाक्य: नंग२ ता३च२ मा? म्हणजे 'कमी होईल का?'

याचाच लाक्षणिक उपयोग ता३ च२खौ४. कुणी दिलेलं वचन पूर्ण पाळलं नाही, कामात कसूर केली, तरी हाच शब्द.

निळापेन

खेळांचा नियम एका ओळीत सांगता येतो आणि तो क्वचितच मोडतो. चेंडू हाताने, रॅकेटने किंवा बॅटने टोलवला जात असेल तर ता३. पायाने मारला जात असेल तर थी१. म्हणून ता३ लान२छ्यौ२ (बास्केटबॉल), ता३ यू३माव२छ्यौ२ (बॅडमिंटन), ता३ पान३छ्यौ२ (क्रिकेट), पण थी१ च़ू२छ्यौ२ (फुटबॉल). 'ता३ च़ू२छ्यौ२' म्हटलं की हाताने फुटबॉल बडवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बुद्धिबळाला श्या४ छी२, म्हणजे सोंगटी 'खाली ठेवणे'. पत्ते, माहजोंग आणि व्हिडिओ गेम मात्र ता३. थाय४ची२ या मुष्टिकलेलाही ता३, कारण तिथे मूठ आहे.

एकेरी आणि दुहेरी सामन्यांची नावं यावरूनच: तान१ता३ आणि ष्वांग१ता३.

वाद्यांत आपण सगळंच 'वाजवतो'. चिनी भाषा हाताची हालचाल बघते. ढोल, तबला, ड्रम यांना ता३. पियानो आणि तारा छेडायची वाद्यं यांना थान२. गज ओढायचं व्हायोलिन असेल तर ला१. बासरीला छ्वै१, म्हणजे फुंकणे. इथे मराठीतून सरळ उचललेलं वाक्य हमखास चुकतं.

मीठभाकर

दवाखान्यात ता३ शिवाय पान हलत नाही, आणि तिथे चूक झालेली परवडत नाही.

ता३ चन१ म्हणजे इंजेक्शन देणे आणि घेणे, दोन्ही. वो३ छ्यू४ ता३ चन१ (मी इंजेक्शनला चाललो) हे रुग्णाने म्हटलं तर टोचून घ्यायला, नर्सने म्हटलं तर द्यायला. क्रियापदावरून कळत नाही. देणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख हवा असेल तर 'कै३' ने ज्याला द्यायचं तो माणूस आधी आणायचा: हू४ष४ कै३ वो३ ता३ चन१, नर्स मला इंजेक्शन देते. लसीला ता३ यी४म्याव२. किती डोस झाले हे मोजताना चन१ (सुई) हाच मोजण्याचा शब्द: ता३ ल ल्यांग३ चन१, दोन डोस झाले. सलाइन लावणे ता३ त्येन३ती१, भूल देणे ता३ मा२याव४, प्लास्टर घालणे ता३ ष२काव१.

गोळी-औषध मात्र 'खातात': छ१ याव४. पातळ औषधालाही छ१ चालतं. शेतातल्या फवारणीचा याव४ आणि पोटातल्या औषधाचा याव४ एकच शब्द आहे, फरक क्रियापदाने होतो. तेव्हा डॉक्टरसमोर 'ता३ याव४' म्हणू नका.

शरीराच्या आपोआप होणाऱ्या क्रियांपैकी बऱ्याच ता३ वर आहेत. शिंक ता३ फन१थी४, जांभई ता३ हा१छ्येन, घोरणे ता३ हू१लू, डुलकी ता३ तुन३, थंडीने किंवा भीतीने शहारणे ता३ लंग३चान४. ता३ क२ ला विशेष लक्ष द्या: उचकी आणि ढेकर, दोन्हींना हाच शब्द. कुठलं ते जेवणानंतर की आधी यावरून ठरवावं लागतं, आणि वैद्यकीय तक्रार असेल तर वर्णन करून सांगणं बरं. खोकला (ख२सौ) आणि ताप (फा१षाव१) यांना ता३ लागत नाही.

तळटीप

मीठभाकरच्या यादीला निसर्गाची जोड: ढग गडगडणे ता३ लै२, वीज चमकणे ता३ षान३. कर्ता कुणीच नाही, 'पाऊस पडतो' सारखं. आणि रस्ता निसरडा होऊन गाडीचं चाक घसरतं ते ता३ ह्वा२.

वेताळटेकडी

व्याकरणाचं कुणीतरी लिहा. शब्द पाठ आहेत, वाक्यात बसत नाहीत. विशेषतः 'मी तुला फोन करतो' हे वाक्य वर्गात दरवेळी दुरुस्त केलं जातं.

दुभाषी

वेताळटेकडी, मूळ गोष्ट अशी की ता३ त्येन४ह्वा४ हा एक शब्द वाटला तरी तो क्रियापद अधिक कर्म असा जोड आहे. कर्माची जागा 'त्येन४ह्वा४'ने आधीच घेतलेली आहे. मग 'तुला' कुठे जाणार? मागे नाही, पुढे, आणि शब्दयोगी घेऊन.

वो३ कै३ नी३ ता३ त्येन४ह्वा४. बरोबर.
वो३ ता३ त्येन४ह्वा४ नी३. चूक.

मराठीची रचना इथे मदतीला येते. 'मी तुला फोन करतो' यात 'तुला' क्रियापदाच्या आधीच आहे. मराठी क्रमाने गेलात तर चूक होत नाही. इंग्रजीतून विचार केला की होते. उच्चारताना मात्र सांभाळा, कारण वो३ कै३ नी३ ता३ असे चार तिसरे सूर ओळीने आहेत. दोन-दोनचे गट पाडून म्हणावं.

कुठल्या जोडीला कुठला शब्दयोगी हेही ठरलेलं आहे. एकतर्फी कृतीला कै३ (ला, साठी): फोन, इंजेक्शन. दोघांची मिळून होणारी कृती असेल तर कन१ (शी, बरोबर): कन१ था१ ता३ चाव१हू (त्याला नमस्कार-चमत्कार करणे), कन१ था१ ता३ च्याव१ताव (त्याच्याशी व्यवहार ठेवणे), कन१ था१ ता३ च्या४ (त्याच्याशी मारामारी करणे), कन१ था१ ता३ क्वान१स (त्याच्याशी कोर्टकचेरी करणे). 'त्याला' नमस्कार असला तरी चिनीत 'त्याच्याशी'. कै३ वापरल्याचंही ऐकू येतं, पण शिकताना कन१ धरा.

जोड फोडताही येतो, आणि संख्या, काळ, मोजमाप सगळं मधे बसतं. ता३ ल सान१ क त्येन४ह्वा४, तीन फोन केले. ता३ ल पान४ थ्येन१ छ्यौ२, अर्धा दिवस खेळलो. 'ल' हे पूर्णत्वाचं चिन्ह ता३ च्या लगेच मागे येतं, नामाच्या मागे नाही. नामाच्या मागे लावलं तर अर्थ 'आता अमुक परिस्थिती झाली' असा सरकतो.

सगळेच शब्द असे फुटत नाहीत. ता३स्वान (बेत करणे), ता३थिंग (चौकशी करणे), ता३राव३ (व्यत्यय आणणे), ता३साव३ (झाडलोट करणे), ता३पान (नटणे) हे अखंड आहेत, त्यांच्या मधे काही घालता येत नाही. ओळखायची खूण अशी: 'जरा अमुक कर' असं सौम्यपणे म्हणताना चिनीत क्रियापद दोनदा म्हणतात. अखंड शब्द पूर्ण दुहेरतो: ता३साव ता३साव. फुटणाऱ्या जोडीत फक्त ता३ दुहेरतो: ता३ता छ्यौ२. 'ता३छ्यौ२ ता३छ्यौ२' असं कुणी म्हणत नाही.

परिणाम दाखवणारे शब्दही लगेच मागे लागतात. ता३ थुंग१ ल, फोन लागला. ता३ पु थुंग१, लागत नाही. ता३ छ़्वो४ ल, चुकीच्या नंबरला लागला. ता३खाय१, उघडणे, मग ते दार असो, फाइल असो की दिवा. ता३फो४, मोडणे, विक्रमही आणि शांतताही. ता३त्वान४, बोलणं मधेच तोडणे.

निळापेन

परिणामांच्या गटात ता३पाय४ ची वेगळी नोंद हवी, क्रीडाबातम्या वाचताना तोच घात करतो. पाय४ म्हणजे पराभव. 'वो३मन ता३पाय४ ल था१मन', आम्ही त्यांना हरवलं. पुढचं कर्म काढून टाका: 'वो३मन ता३पाय४ ल', आम्ही हरलो. कर्म असेल तर पराभव कर्माचा, नसेल तर कर्त्याचा. तेच दोन अक्षरांचं क्रियापद, निकाल उलटा. मथळा अर्धवट वाचून निकाल ठरवू नये. बोलताना शंका नको असेल तर ता३ यिंग२ (जिंकणे) आणि ता३ षू१ (हरणे) वापरा.

शब्दवेल्हाळ

इतका पसारा आधुनिक काळात झाला असावा असं वाटेल, पण तसं नाही. हान घराण्याच्या काळातल्या सर्वांत जुन्या चिन्हकोशाच्या मूळ मजकुरात हे चिन्हच नाही. इ.स. ९८६ मध्ये श्यू श्वान याने त्या कोशाची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा पुरवणीत ते घातलं, अर्थ दिला फक्त 'आघात करणे'.

पुढच्याच शतकात चित्र पालटलेलं दिसतं. सुंग घराण्याच्या काळातला विद्वान आणि मंत्री ओउयांग श्यू (१००७–१०७२) याने आपल्या टिपणांत या शब्दाबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवली आहे. त्याचं म्हणणं, दोन जण एकमेकांना मारतात किंवा एखाद्या वस्तूवर आघात होतो तिथे हा शब्द योग्य. पण लोक नाव बांधण्याला, गाडी बनवण्याला, जाळ्याने मासे धरण्याला, पाणी शेंदण्याला, मजुरांना जेवण पोचवण्याला, सैनिकांना कपडे-शिधा वाटण्याला, मालकावर छत्री धरण्याला, खळीने कागद चिकटवण्याला आणि काठीने जमीन मोजण्यालाही ता३ च म्हणतात. शिकलेसवरलेलेही असंच बोलतात, याचं त्याला विशेष वाईट वाटतं.

मला ही यादी फार मोलाची वाटते, कारण हजार वर्षांनी ती समोर धरून पडताळता येते. मासे धरणे (ता३ यू२), पाणी आणणे (ता३ ष्वै३), छत्री धरणे (ता३ सान३) जसेच्या तसे. जेवणाचा ता३ फान४ आज खानावळीच्या खिडकीतून ताट भरून घेण्याला म्हणतात, म्हणजे थोडाच सरकला. जमीन मोजण्याचा ता३ल्यांग आता 'एखाद्याला नखशिखान्त न्याहाळणे' झाला; मोजणं राहिलं, काठी गेली. आणि ता३ छ१, जो तेव्हा 'गाडी बनवणे' होता, तो आज 'टॅक्सी करणे' आहे. मधला धागा जुळत नाही. जुना अर्थ मरून तीच दोन चिन्हं नव्याने एकत्र आली.

ओउयांगची दुसरी तक्रार उच्चाराची. जुन्या यमककोशांत या चिन्हाचा उच्चार शेवटी अनुनासिक असलेला दिला आहे, त्यामुळे उजवीकडचा तिंग१ हा भाग उच्चार सुचवायला का ठेवला ते कळतं. उत्तरेकडे तो अनुनासिक गळाला. शांघायच्या वू बोलीत मात्र आजही 'तां' असाच अनुनासिक उच्चार ऐकू येतो.

विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ ल्यौ पाननुंग (१८९१–१९३४) याने पुन्हा ता३ वर टीका करत त्याची ढीगभर उदाहरणं गोळा केली. 'ती' या सर्वनामासाठी वेगळं चिन्ह रूढ करणारा तो हाच. दोघांच्या तक्रारीने शब्दावर काहीही परिणाम झाला नाही.

खारवी

ता३ यू२ वरून एक म्हण: सान१ थ्येन१ ता३ यू२, ल्यांग३ थ्येन१ षाय४ वांग३. तीन दिवस मासेमारी, दोन दिवस जाळी वाळवणं. काम नेटाने न करणाऱ्याला लावतात. किनाऱ्यावरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

वस्तू सुटी विकत आणण्यालाही ता३ होता. बाटली घेऊन वाण्याकडे जायचं, त्याने मापाने ओतून द्यायचं, ते ता३ च्यांग४यौ२, सोयासॉस आणणे. हे घरातल्या लहान मुलाचं काम, म्हणून 'मूल आता सोयासॉस आणण्याएवढं झालं' म्हणजे चांगलं मोठं झालं. २००८ मध्ये ग्वांगचौच्या एका वाहिनीने रस्त्यावरच्या माणसाला गाजत असलेल्या एका प्रकरणावर मत विचारलं, तेव्हा त्याने 'माझा काय संबंध, मी सोयासॉस आणायला निघालोय' अशा अर्थाचं उत्तर दिलं. तेव्हापासून इंटरनेटवर ता३ च्यांग४यौ२ म्हणजे 'मी फक्त इथून चाललोय, मला यात ओढू नका'. जुन्या पिढीशी बोलताना मूळ अर्थ, नेटवर नवा.

चष्मा

खूप आभार दुभाषी, च२ चा हिशेब स्पष्ट झाला. कंपनीच्या चॅटमध्ये ता३खा३ हा शब्द सारखा दिसतो, आणि फिरायला गेलेल्यांच्या फोटोंखालीही. दोन्ही एकच का?

मीठभाकर

चिन्हं तीच. खा३ हे 'कार्ड'वरून आलेलं. कारखान्याच्या दारात हजेरीचं कार्ड यंत्रात घालून पंच करायचं ते ता३खा३. आता कार्ड जाऊन बोट, चेहरा किंवा मोबाइल आला तरी शब्द टिकला. ऑफिसात अर्थ 'हजेरी लावणे', म्हणून वांग४ ल ता३खा३ म्हणजे हजेरी लावायला विसरलो. पुढे रोजचा व्यायाम किंवा शब्दपाठ केल्याची नोंद टाकणे, आणि तिथून प्रसिद्ध जागी जाऊन 'आलो होतो' असा फोटो टाकणे. फोटोखालचा तो शेवटचा.

याच शेजारचे काही: ता३कुंग१ म्हणजे दुसऱ्याकडे पगारावर राबणे, त्यावरून २०२० मध्ये ता३कुंग१रन२ (राबणारा माणूस) हा शब्द तरुण नोकरदारांनी स्वतःसाठी उचलला. ता३ ल्येन३, शब्दशः तोंडात मारणे, म्हणजे ठामपणे केलेलं विधान उघड खोटं ठरणे. ता३षांग३, ऑनलाइन कलाकाराला खुशीने पैसे देणे. वै४ अमुक ता३ कॉल, अमुकला जोरदार पाठिंबा. हा जपानी गायिकांच्या चाहत्यांकडून आला आणि २०१७ च्या सुमारास सगळीकडे पसरला.

बातम्यांत ता३ चा एक अर्थ 'मोहीम उघडणे'. ता३च्या३ म्हणजे बनावट मालाविरुद्धची मोहीम. ग्राहकांच्या बाजूने तिला बळ आलं ते १ जानेवारी १९९४ ला लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने. फसवून विकल्यास किमतीएवढी जादा भरपाई त्यात ठेवली होती. २०१४ पासून ती किमतीच्या तिप्पट आणि किमान ५०० युआन झाली. भरपाईसाठी मुद्दाम बनावट माल हेरून घेणारेही या शब्दाने ओळखले जातात.

तळटीप

दोन उपयोग राहिले, जे क्रियापद नाहीतच.

पहिला 'पासून, मधून'. उत्तरेकडच्या बोलीत ता३ चर४ च़ौ३ म्हणजे 'इथून जा', ता३ श्याव३ म्हणजे लहानपणापासून. लेखी भाषेत याच्या जागी छ़ुंग२ वापरतात. पेकिंगमध्ये कान उघडे ठेवलेत तर रोज ऐकाल. दक्षिणेत फारसं नाही.

दुसरा ता२, दुसऱ्या सुरात, म्हणजे डझन. हा इंग्रजीतून आलेला, चिन्ह तेच. यी४ ता२ ची१तान४ म्हणजे एक डझन अंडी, ता३ ची१तान४ म्हणजे अंडं फेटणं. सूर चुकला तर दुकानदार गोंधळतो. सोड्याच्या सू१ता२ मध्येही हाच ता२.

वेताळटेकडी

टॅक्सीसाठी ता३ छ१ आणि ता३ती१ दोन्ही ऐकले. फरक आहे का?

दुभाषी

अर्थामध्ये फरक नाही. ती१ हा हाँगकाँगच्या कॅन्टोनीजमधून आलेल्या 'टॅक्सी' शब्दाचा तुकडा. नव्वदीच्या दशकात ता३ती१ फार चालायचा, आता ता३ छ१ जास्त, अॅपवरून बोलावली तरी. तैवानात मात्र टॅक्सीत 'चढतात', तिथे ता१ (पहिल्या सुरात, वेगळं चिन्ह) च्यी४छंग२छ१ म्हणा.

प्रदेशाप्रमाणे आणखी एक: शांघायकडे दुकान बंद होण्याला ता३यांग४, तो आता सगळ्या चीनमध्ये पाट्यांवर दिसतो. आणि सावधगिरीचा शब्द ता३ फाव४. मूळ अर्थ तोफ डागणे, इतिहासाच्या पुस्तकात तोच. बोलीत तो अश्लील आहे. ता३ फै१ची१ (विमान पाडणे) चंही तेच. विमानप्रवासाला च़्वो४ फै१ची१, 'विमानात बसणे'. टॅक्सीच्या धर्तीवर स्वतःहून जोडी बनवायला गेलं की असं होतं. म्हणून नवी जोडी कोशात किंवा चिनी माणसाच्या तोंडून मिळाल्याखेरीज वापरू नये.

वेताळटेकडी

मग सुरुवात कुठल्या जोड्यांपासून करावी?

दुभाषी

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या क्रमानेच जा, तो वापराशी बऱ्यापैकी जुळतो. जुन्या सहा पातळ्यांच्या एचएसकेमध्ये फोन पहिल्या पातळीला, बास्केटबॉल दुसऱ्या, झाडलोट आणि बेत तिसऱ्या, सूट, इंजेक्शन, प्रिंट आणि व्यत्यय चौथ्या पातळीला येतात. वहीत डाव्या रकान्यात ता३ लिहूच नका. नाम लिहा, समोर त्याचं क्रियापद, आणि तिसऱ्या रकान्यात 'ला' लागतं की 'शी'. छत्री : ता३. पियानो : थान२. फुटबॉल : थी१. फोन : ता३, कै३. नमस्कार : ता३, कन१. आठवड्याने नामांचा रकाना तेवढा उघडा ठेवून क्रियापद आणि शब्दयोगी दोन्ही तोंडाने म्हणा. जिथे अडखळाल तिथे मराठी 'मारणे' मधे आलेलं असेल, त्या ओळीला खूण करा आणि तेवढ्याच पुन्हा घोटा.